सहमालकीण म्हणजे नेमकी कोण?

अबोली_क: लिज्जत पापडवर एक पुस्तिका मराठीत करतेय. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेलं काम, आणि तिथे पापड लाटणारी प्रत्येक बाई संस्थेची को-ओनर. मी बिनधास्त 'सहमालकीण' लिहिलं. आईने वाचून विचारलं, मालकाने दुसरी केली का गं? आता तेच डोक्यात बसलंय.

जुनावाचक: आईंचं बरोबर. ईण लागली की बायको. पाटलीण, कुळकर्णीण, सावकारीण. सरळ 'सहस्वामिनी' लिहा.

ठसका: सहस्वामिनी?? पापड लाटायचेत की होम करायचाय? आणि कोळीण म्हणजे नुसती कोळ्याची बायको, हे जरा मासळीबाजारात जाऊन बोलून दाखवा. मोलकरीण कोणाची बायको? राबायचं असेल तर ईण तिची स्वतःची, हुद्दा आला की लगेच नवऱ्याची.

माळरान: +१. आमची आत्या गावच्या दूध सोसायटीत बायकांच्या राखीव जागेवर निवडून आली, पुढे चेअरमन झाली. तर गाव तिला चेअरमनबाई म्हणायचं आणि तिच्या मिस्टरांना चेअरमन! सेक्रेटरी रजिस्टर घेऊन घरी यायचा आणि तिलाच विचारायचा, मालक आहेत का, सही पाहिजे होती. सही हिचीच. ती कणकेच्या हातानेच पेन घ्यायची, त्या पानांना अजून पीठ असेल.

जुनावाचक: मुळात चेअरमन कशाला, अध्यक्ष आहे की, तोच शब्द बाईलाही चालतो. आणि मालक फारसी आहे.

ठसका: अरबी. चालतो म्हणता, पण २००७ ला प्रतिभाताई राष्ट्रपती झाल्या तेव्हा केवढा काथ्याकूट झाला होता. शेवटी राष्ट्रपतीच राहिलं ना? मग अबोली, 'सहमालक' लिही आणि मोकळी हो.

पोळपाट: लिज्जतमधे त्या एकमेकींना बेन म्हणतात, मराठीत भगिनी. मालक वगैरे कोणी हाक मारत नाही. सकाळी मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटून दुसऱ्या दिवशी पापड द्यायचे, त्याचे पैसे म्हणजे 'वणाई'. गुजरातीत वणवुं म्हणजे लाटणं.

जुनावाचक: मग मराठीत लाटणावळ! शिवणावळ, दळणावळ तसं.

माळरान: आमच्याकडे दळणाई म्हणतात हो.

जुनावाचक: चूक आहे ते.

माळरान: गिरणीवाल्याला सांगा.

अबोली_क: अहो, सहमालकीण...

पोळपाट: लाटणावळ छानच आहे पण. आजी ती पापडाच्या लाट्यांतच चुकती करायची, तेल लावून कच्च्याच खायच्या.