चहा-कॉफीच्या आधाराशिवाय दिवसभर उत्साह कसा टिकवावा?

प्रश्न : मानेवाड्याची वाचक

सर्वांना नमस्कार. मी नागपूरला मानेवाडा भागात राहते आणि सिव्हिल लाइन्समधील एका कार्यालयात लेखा विभागात काम करते. माझे वय त्रेचाळीस असून आहार पूर्णपणे शाकाहारी आहे. सकाळी उठल्यापासून संध्याकाळी घरी परतेपर्यंत पाच-सहा कप चहा होतो आणि त्यातला शेवटचा कप बहुधा सहाच्या सुमारास असतो. अलीकडे छातीत जळजळ वाढल्यामुळे डॉक्टरांनी चहा कमी करायला सांगितले आहे. ते मला पटतेही, परंतु दुपारी तीनच्या सुमारास अशी अवस्था होते की समोरच्या फाईलमधली ओळ वाचली जाते, पण तिचा अर्थ डोक्यात शिरत नाही, आणि त्या वेळी चहावाला किटली घेऊन आला की हात आपोआप पुढे जातो. सकाळी चहाबरोबर टोस्ट किंवा बिस्किटे, दीड वाजता डब्यातली पोळी-भाजी आणि भात, रात्री साडेनऊच्या पुढे जेवण, आणि झोपायला बारा, असा माझा दिवस आहे. त्यात आता एप्रिल लागला आहे, त्यामुळे थकवा आणखी जाणवतो.

चहावर अवलंबून न राहता दिवसभर तरतरी टिकवण्याचे नैसर्गिक उपाय कोणते? आपल्या भागातल्या हवेला आणि नोकरीच्या वेळेला साजतील अशा गोष्टी कुणी अनुभवाने किंवा अभ्यासाने सांगितल्या, तर फार उपकार होतील.

उत्तर १ : बुटीबोरीचा पाळीवाला

ताई, मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो, त्यामुळे झोप आणि चहा यांचा संबंध मला जवळून पाहावा लागला आहे. दिवसभर जागे राहिल्यावर मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि त्याच्यामुळे झोप येऊ लागते. चहा-कॉफीतले कॅफिन हे अ‍ॅडिनोसिन नाहीसे करत नाही, ते फक्त त्याची जागा अडवून बसते. म्हणजे थकवा जिथल्या तिथेच असतो, तो आपल्याला कळत नाही एवढेच. शरीरातले निम्मे कॅफिन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा आपल्या सहाच्या चहातले बरेचसे रात्री अकरालाही अंगात असते. झोप लागली तरी ती उथळ होते, सकाळी अंग जड वाटते, मग पुन्हा चहा. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की कपांची संख्या नंतर कमी करावी, आधी दुपारी दोननंतरचा चहा थांबवावा.

मात्र सगळा चहा एका दिवसात तोडू नये. सवय असलेल्याने अचानक बंद केला की बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते आणि हा त्रास आठवडाभरही राहू शकतो. पुष्कळ माणसे त्या डोकेदुखीलाच अशक्तपणा समजतात आणि परत किटलीकडे वळतात. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करत गेले, किंवा कप लहान करून पत्ती कमी घातली, तर शरीर फारशी कुरकुर करत नाही. ग्रीन टी आणि गुळाचा चहा यांतही कॅफिन असतेच, त्यामुळे त्यांना पर्याय मानू नये. पत्ती न घालता नुसता गवती चहा, आले आणि थोडी सुंठ उकळून घेतली तर हातात गरम कप असल्याचे समाधान मिळते आणि झोपेला धक्का लागत नाही.

आणखी एक. दुपारी एक ते तीन या वेळेत येणारी सुस्ती केवळ जेवणामुळे येत नाही. शरीराच्या घड्याळातच त्या वेळी एक उतार असतो आणि तो उपाशी माणसालाही जाणवतो. आपल्याकडची वामकुक्षी त्यावरचा चांगला उपाय आहे, परंतु ती पंधरा-वीस मिनिटांचीच हवी. तासभर झोपले तर उठल्यावर आणखी सुस्ती वाटते आणि रात्रीची झोप मागे सरकते. कार्यालयात आडवे होणे शक्य नसते हे मी जाणतो, पण मधल्या सुटीत खुर्चीत डोळे मिटून दहा मिनिटे शांत बसले तरी फरक पडतो.

उत्तर २ : गृहविज्ञानाची निवृत्त शिक्षिका

आपल्या दिनक्रमात मला सर्वांत खटकली ती सकाळ. चहा आणि टोस्ट म्हणजे मैदा आणि साखर. त्याने रक्तातली साखर चटकन वर जाते आणि अकराच्या आतच भूक व मरगळ दोन्ही येतात. शिवाय कपाला दोन चमचे साखर धरली तर पाच-सहा कपांत पन्नास-साठ ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसभरात वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, म्हणजे दोन हजार उष्मांकांच्या आहारात सुमारे पन्नास ग्रॅम, आणि त्याच्याही निम्मी असेल तर अधिक चांगले. चहा कमी केल्यावर आपल्याला जे हलके वाटेल, त्याचे बरेचसे श्रेय या कमी झालेल्या साखरेला असेल.

न्याहारीत प्रथिने आली पाहिजेत. त्यासाठी परक्या पदार्थांकडे पाहण्याची मुळीच गरज नाही. पोह्यांवर हरभऱ्याची तर्री घेण्याची आपली नागपूरची पद्धत आहारशास्त्राच्या दृष्टीने उत्तम आहे, कारण नुसत्या पोह्यांना कडधान्याची जोड मिळते. फक्त घरी करताना तेलाचा तवंग कमी ठेवावा आणि हरभरे सढळ हाताने घालावेत. मुगाचे धिरडे, मोड आलेली मटकी, ज्वारीची भाकरी आणि झुणका, दही हेही तितकेच चांगले. कार्यालयाच्या खणात बिस्किटांच्या पुड्याऐवजी फुटाण्यांचा डबा ठेवावा. तीनच्या सुमारास मूठभर फुटाणे आणि दोन-चार खारका चावून खाल्ल्या तर पोटाला आधार मिळतो आणि साखरेची चढउतार होत नाही. दुपारच्या डब्यात भात निम्मा करून वरण घट्ट आणि जास्त न्यावे, म्हणजे जेवणानंतरचा जडपणा कमी होईल.

लोहाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण थकव्याच्या चर्चेत ते हमखास मागे पडते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आणि महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. शाकाहारातले लोह शरीराला मुळातच कमी लागू पडते आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर त्यातले टॅनिन त्याला आणखी अडवते. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात जेवणाच्या किमान एक तास आधी आणि एक तास नंतर चहा-कॉफी टाळायला सांगितले आहे. याच मार्गदर्शनात दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा आहे आणि १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते, म्हणजे कडक चहाचे पाच-सहा कप ती मर्यादा ओलांडू शकतात. याउलट क जीवनसत्त्व लोहाला मदत करते. पालेभाजीवर लिंबू पिळणे, हंगामात जेवणाबरोबर संत्र्याच्या चार फोडी खाणे, आवळा किंवा कच्चा टोमॅटो घेणे, एवढ्यानेही त्याच भाजीतले लोह अधिक लागू पडते. संत्र्यांच्या गावात राहून आपण ती जेवणानंतर दोन तासांनी रस काढून साखर घालून पितो, याचे मला नेहमी वाईट वाटते.

उन्हाळ्यासाठी आंबील अवश्य करून पाहावी. दोन चमचे ज्वारीचे पीठ रात्री थोड्या ताकात कालवून ठेवावे, ते सकाळपर्यंत किंचित आंबते. मग पाणी उकळून त्यात हे कालवण धार धरून सोडावे आणि गुठळी होऊ न देता ढवळत शिजवावे. कच्च्या पिठाचा वास जाऊन मिश्रणाला चकाकी आली की खाली उतरवावे आणि थंड झाल्यावर त्यात ताजे ताक, ठेचलेला लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ घालावे. स्टीलच्या डब्यात घालून कार्यालयात नेली तर अकरा वाजता पिता येते. पाणी, मीठ आणि धान्य तिन्ही एकाच वेळी मिळतात, आणि चहाची वेळही आपोआप भरून निघते.

उत्तर ३ : उन्हातला अभियंता

आहाराचे वरच्या ताईंनी सांगितलेच आहे, मी पाण्यापुरते लिहितो. बांधकामाच्या जागेवर असल्यामुळे मे महिन्यातले पंचेचाळीस अंश मला चांगले ठाऊक आहेत. आपल्याकडची हवा कोरडी असल्यामुळे घाम येताक्षणीच वाळतो, त्यामुळे शरीरातून किती पाणी गेले याचा अंदाजच येत नाही. मुंबईत सदरा भिजतो म्हणून माणूस पाणी पितो, नागपुरात सदरा कोरडा राहतो आणि डोके जड होते. कूलरसमोर बसलेल्यांनाही हे लागू आहे. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. मी माठातले पाणी, ताक आणि कैरीचे पन्हे यांवर भर देतो. चहा मात्र अंगातले पाणी शोषून घेतो, म्हणून उन्हाळ्यात तो वर्ज्यच करावा असे माझे मत आहे.

उत्तर ४ : सामान्य वैद्यक

वरच्या एका मुद्द्यात थोडी दुरुस्ती करतो. कॅफिनने लघवी किंचित वाढते हे खरे, पण रोज चहा पिणाऱ्याच्या शरीरात एका कपातून जेवढे पाणी जाते त्यातले बहुतेक टिकते. चहाने शरीर कोरडे पडते असे म्हणता येणार नाही. अडचण एवढीच की तहान लागली असताना चहा पिऊन माणूस साधे पाणी प्यायचे विसरतो. पाणी, मीठ आणि कोरड्या हवेविषयीचे बाकी सर्व म्हणणे योग्य आहे. ज्यांना रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मीठ घातलेली पेये विचारून घ्यावीत.

ताईंना माझी कळकळीची विनंती आहे की घरगुती उपायांबरोबरच रक्ताच्या चाचण्या करून घ्याव्यात. त्रेचाळिसाव्या वर्षी स्त्रीला सतत थकवा असेल तर हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन, थायरॉईडसाठी टीएसएच, ब-१२ जीवनसत्त्व आणि रक्तातील साखर एवढे तरी पाहिलेच पाहिजे. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय होय. ब-१२ वनस्पतींतून मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातूनच मिळते आणि चहात घातलेले थोडेसे दूध त्याला पुरत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्यांमध्येही त्याची कमतरता आढळते. जळजळीसाठी आपण अशी गोळी बरेच दिवस घेत असाल, तर ही चाचणी टाळू नका.

विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे, म्हणून हिमोग्लोबिन कमी दिसले की दुकानातून लोहाच्या गोळ्या आणून सुरू करणे योग्य नाही. रक्त कमी असण्याचे कारण आधी कळले पाहिजे. सिकलसेलची चाचणी सरकारी रुग्णालयांत होते. पाळीच्या वेळी रक्तस्राव जास्त होत असेल, रात्री मोठ्याने घोरणे आणि श्वास अडकणे होत असेल, विनाकारण वजन उतरत असेल किंवा मन सतत उदास राहत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. अशा थकव्यावर आंबील आणि चालणे पुरेसे ठरत नाही.

मानेवाड्याची वाचक

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. दोनच शंका आहेत. कार्यालयातल्या मैत्रिणी अश्वगंधा घ्यायला सांगतात, ती घ्यावी का? आणि चालण्याचा व्यायाम या उन्हात कोणत्या वेळी करावा? रात्री घर इतके तापलेले असते की बाराच्या आत झोप येतच नाही.

बुटीबोरीचा पाळीवाला

चालणे पहाटेचेच ठेवा. या दिवसांत सहाच्या आसपास चांगले उजाडते आणि ऊन चढलेले नसते. त्या वेळचा उजेड डोळ्यांवर पडणे हाच अर्धा उपाय आहे, कारण शरीराचे घड्याळ त्यावर लागते आणि रात्री झोप वेळेवर येते. उन्हाळ्यात आपण पडदे लावून घर दिवसभर अंधारात ठेवतो, त्यामुळे सकाळचा उजेड मुद्दाम बाहेर जाऊन घ्यावा लागतो. अंबाझरी किंवा फुटाळ्यापर्यंत जाण्याची गरज नाही, घराजवळच्या मैदानाला वीस-पंचवीस मिनिटे भरभर फेऱ्या पुरेत. दुपारी जेवणानंतर कार्यालयाच्या व्हरांड्यात दहा मिनिटे चालले तर जेवणानंतर वाढणारी साखर आवरली जाते आणि तीनची सुस्ती सौम्य होते. रात्री जेवण साडेआठला आणता आले तर उत्तम. झोपण्याआधी कोमट पाण्याने अंघोळ करावी, कूलरच्या ताट्या स्वच्छ ठेवाव्यात आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी, कारण दमट हवा बाहेर गेल्याशिवाय कूलर गारवा देत नाही.

सामान्य वैद्यक

अश्वगंधा स्वतःच्या मनाने सुरू करू नये. तिच्यामुळे काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉईडच्या औषधांवर तिचा परिणाम होऊ शकतो आणि गर्भावस्थेत ती वर्ज्य मानतात. आधी चाचण्यांचे निष्कर्ष येऊ द्यात. उपाशीपोटीची साखर तपासायची असल्यामुळे त्या सकाळी केवळ पाणी पिऊन जावे, आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तसे रक्त देण्यापूर्वीच सांगावे, कारण त्यांच्यामुळे थायरॉईडच्या चाचणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात.