मदत हवी आहे: हार्ट अटॅकनंतर स्टेम सेल, आणि आधी आयसीडी?

वडिलांचा (वय ६४) अटॅक जुना आहे. स्टेंट झालाय, हार्ट फेल्युअरच्या चारही गटांची औषधं नियमित चालू आहेत, तरी ईएफ (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) ३० टक्क्यांवर अडकलाय. डॉक्टर आयसीडी (ठोके धोकादायकरीत्या बिघडले तर शॉक देऊन ते सुधारणारं, शरीरात बसवायचं यंत्र) बसवा म्हणतात.

अस्थिमज्जेतल्या (बोन मॅरो) पेशींच्या उपचाराबद्दल वाचून झालंय. २०२० च्या 'बामी' चाचणीत जेमतेम ३७५ रुग्ण, निष्कर्ष काढता आलाच नाही. २०२३ च्या 'ड्रीम-एचएफ'मध्ये मुख्य उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. त्यामुळे पैसे घेऊन इंजेक्शन देणाऱ्या क्लिनिकचे पत्ते कृपया नकोत.

आयपीएस पेशींपासून (साध्या पेशी प्रयोगशाळेत मूळ अवस्थेत नेऊन केलेल्या स्टेम सेल) बनवलेल्या हृदयस्नायूंच्या चाचण्यांबद्दल विचारतोय. नव्या पेशींमुळे ठोके बिघडण्याचा धोका असतो म्हणे. मग आधी आयसीडी बसवल्यास अशा चाचणीतून नाव बाद होतं, की आयसीडी असणं हीच अट असते?