मदत हवी आहे : आजेसासूबाईंच्या घराण्याचा किल्ला, कागद कुठे शोधू?

ऋतुजा_ल्योन :
घाईत लिहितेय. पुढच्या शनिवारी आजेसासूबाईंना त्यांच्या पूर्वजांच्या किल्ल्यावर नेतोय. वय ८६. किल्ल्याचं नाव कास्तेलनो, दक्षिण फ्रान्समधल्या सार्ला गावाजवळ हॉटेलही घेऊन झालंय. मला एवढंच सांगा, घराण्याचे जुने कागद कुठे मिळतात? त्यांच्या हातात काहीतरी ठेवायचंय. दोन रात्री शोधतेय, काही सापडत नाही.

खारुताई :
फ्रान्समधला शांबोरचा किल्ला चुकवू नका! आम्ही गेल्या वर्षी पाहिला, डोळे दिपतात. आणि शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट आत्ताच घ्या.

ऋतुजा_ल्योन :
मी नऊ वर्षं ल्योनमध्ये राहते, व्हिसाचा प्रश्न नाही. शांबोरही नाही.

पायवाट :
शांबोर तसाही मध्ययुगीन नव्हे. बांधकाम १५१९ साली सुरू झालं, पहिल्या फ्रान्स्वा राजाच्या काळात.
ताई, कुठला कास्तेलनो? नावाचा अर्थच 'नवा किल्ला', आपल्याकडे नवेगाव असतात तशी दक्षिण फ्रान्समध्ये कास्तेलनो आहेत. सार्लाजवळचा म्हणजे बेनाक किल्ल्याच्या समोरचा, नावाच्या शेवटी 'd' लिहितात तो. शंभर वर्षांच्या युद्धात नदीच्या एका काठाला इंग्रजांची बाजू, दुसऱ्याला फ्रेंचांची. आता तिथे दगडफेकी यंत्रांचं संग्रहालय आहे. तोच का? स्पेलिंग काय? आणि आडनावाआधी 'द' (de) आहे का? घरात लिखित काय आहे?

ऋतुजा_ल्योन :
आडनाव इथे देणार नाही. 'द' आहे, म्हणजे सरदार घराणं ना? घरात एक बायबल आहे. आतल्या पानावर तपकिरी शाईत लिहिलंय, 'कास्तेलनो येथे जन्म, १४ निव्होझ, वर्ष ६'. कास्तेलनोच्या शेवटी 'd' नाही. ही कसली तारीख?

दिगंत :
फ्रेंच राज्यक्रांतीचं कॅलेंडर. १४ निव्होझ वर्ष ६ म्हणजे ३ जानेवारी १७९८. हे आधी सांगायला हवं होतं! सप्टेंबर १७९२ पासून जन्म-मृत्यू चर्चऐवजी नगरपालिका नोंदवते. तुमची नोंद सरकारी वहीत असणार, आणि त्या वह्या जिल्ह्याच्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. दर दहा वर्षांची नावांची सूचीही असते.
आडनावातल्या 'द' वर जाऊ नका. पुष्कळदा तो फक्त गावाचं नाव सांगतो.

अणुरेणू :
एवढी खटपट कशाला? डीएनए चाचणी करा. माझ्या मेव्हण्याला अमेरिकेत चुलत भाऊ सापडला.

दिगंत :
फ्रान्समध्ये घरगुती वंशचाचणी कायद्याने बंद आहे, ३,७५० युरो दंड आहे. नवीन माणसाला असला सल्ला देऊ नका.

अणुरेणू :
लाखो लोक करतात. कागद खोटं बोलू शकतो, रक्त नाही.

दिगंत :
रक्तातून नातलग सापडेल. कुठला किल्ला, हे रक्त सांगत नाही. प्रश्न किल्ल्याचा आहे.

माहुलीकर :
आमची वंशावळ त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत आहे, पणजोबांची मोडीतली सही पाहून अंगावर काटा आला होता. तिकडे असं काही नसेल.

पायवाट :
आहे की. १५३९ च्या राजाज्ञेपासून पाद्रींना बाप्तिस्म्याची नोंद ठेवणं बंधनकारक होतं. विषय सोडू नका. ताई, जुना फोटो वगैरे?

ऋतुजा_ल्योन :
एक आहे, रंगीत, सत्तरच्या दशकातला. आजेसासूबाई भिंतीला टेकून उभ्या आहेत. कोकणातल्या जांभ्यासारखा लाल दगड. याचा काय संबंध?

पायवाट :
सगळा संबंध याचाच आहे! सार्लाजवळच्या किल्ल्याचा दगड फिकट पिवळसर. लालसर दगडाचा म्हणजे लो जिल्ह्यातला कास्तेलनो-ब्रेतनू, प्रुदोमा गावाच्या हद्दीतला. ओपेरातला गायक जाँ मुलिएराने तो १८९६ मध्ये घेऊन दुरुस्त केला, पुढे सरकारला दिला. तुम्ही दोर्दोन्यच्या, म्हणजे सार्लाच्या जिल्ह्याच्या वह्या चाळत होतात ना? लोचं अभिलेखागार काओरला आहे. प्रुदोमा आणि आजूबाजूच्या गावांच्या वह्या उघडा.

ऋतुजा_ल्योन :
सापडलं!! रात्री पावणेदोनला. ३ जानेवारी, तेच नाव. वडिलांच्या नावापुढे एक शब्द आहे, 'लाबुरर'. हे पद आहे का? सही नाही, 'सही करता येत नाही' असं लिहिलंय. किल्ल्याचा उल्लेखच नाही. आजेसासूबाई आयुष्यभर सांगत आल्यात, 'आम्ही किल्ल्यातले'. आता त्यांना काय सांगू?

दिगंत :
लाबुरर म्हणजे नांगर नि बैल बाळगून असलेला शेतकरी, गावातला खाऊनपिऊन सुखी माणूस. किल्ल्याचा मालक नव्हे, पण किल्ल्याखालची जमीन तो कसत असेल. म्हणजे 'किल्ल्यातले' ही आठवण खोटी म्हणता येणार नाही. सरदारांच्या जमीन-खंडणीच्या वह्यांना 'तेरिए' म्हणतात, त्यांत कुळांची नावं आणि शेतं लिहिलेली असतात. १७९३ मध्ये बऱ्याच जाळल्या. काओरला ईमेल करून विचारा की प्रुदोमाची तेरिए शिल्लक आहे का. नोटरीचे दस्तही मागा.

खारुताई :
आजींना नोंदीची मोठी प्रिंट काढून द्या, अक्षर बारीक असतं.

ऋतुजा_ल्योन :
ए-थ्री काढली. आज दुपारी दाखवली. त्यांनी चष्मा लावून बोटाने ओळ शोधली आणि 'लाबुरर' हा शब्द मोठ्याने तीनदा वाचला. मग म्हणाल्या, माझ्या वडिलांकडेही बैलजोडी होती. काओरला ईमेल गेली. हॉटेल मात्र रद्द होत नाही. सार्लाहून किती लांब? किल्ल्यावर चढ किती?

पायवाट :
गाडीने तासाभराच्या वर. किल्ला टेकडीवर आहे, त्यामुळे गाडी किती वर नेता येते ते किल्ल्याच्या तिकीटखिडकीवर आधी फोन करून विचारा, ८६ वर्षांच्या माणसाचं सांगून. चढ जमला नाही तर प्रुदोमात खाली थांबा. शेतं खालीच आहेत.