बाबांचा सीओपीडी आणि दर महिन्याचा खर्च, हात कुठे आखडायचा?

सायली_प: बाबांना सीओपीडी (दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे, मागच्या अ‍ॅडमिशनपासून घरी ऑक्सिजन मशीन पण आलंय. इनहेलर, गोळ्या, मशीनचं भाडं, लाइट बिल, वर माझ्या बिनपगारी रजा त्या वेगळ्याच, महिना संपायच्या आत पगार संपतो. त्यात आता कळलं की बाबा रोजचा इनहेलर गुपचूप दिवसाआड घेतायत, म्हणे बरं वाटतंय तर कशाला संपवायचा. चिडू की रडू कळेना. खर्च नक्की कुठे कमी होऊ शकतो?

निवांत_काका: आधी ते दिवसाआडचं बंद कर बघू. रोजच्या इनहेलरने दम तिथल्या तिथे कमी होत नाही, म्हणून पेशंटला तो बिनकामाचा वाटतो आणि काटकसरीची पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. पण खरा खड्डा पडतो अ‍ॅडमिट झाल्यावर, आणि दम एकदम वाढण्याच्या प्रत्येक अटॅकनंतर फुप्फुस पहिल्यासारखं होईलच असं नाही. डॉक्टरांना सरळ सांग हे परवडत नाही, याच कामाचं स्वस्तातलं काय आहे. फ्लू आणि न्यूमोनियाची लस राहिली असेल तर तेही विचार.

वॉर्डवाली: चेस्ट वॉर्डला नर्स आहे म्हणून सांगते, औषध वाया किती जातं ते आधी बघा. तोंडात फवारा मारून लगेच श्वास सोडणारे रोज दिसतात, औषध सगळं जिभेवर! पंपवाला इनहेलर असेल तर स्पेसर (इनहेलर आणि तोंडाच्या मधे बसणारी प्लास्टिकची पोकळ नळी) लावा, हळू खोल श्वास, मग दहा सेकंद रोखायचा. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवून तसाच वाळू द्या, आतून फडक्याने पुसलात तर औषध प्लास्टिकलाच चिकटतं. आणि ताई, बऱ्याच जणांना स्पेसरने नेब्युलायझरइतकाच (औषधाचे बारीक तुषार करून देणारं मशीन) फायदा होतो, कुणी म्हणालं म्हणून लगेच ते मशीन घेऊ नका.

टेक्निकल_भाऊ: ऑक्सिजन डिस्चार्जच्या वेळी दिला होता का? मग दोन-तीन महिन्यांनी परत तपासायचा असतो, कित्येकांची लेव्हल सुधारलेली असते आणि भाडं मात्र चालूच राहतं. बसल्या जागी सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) 88 किंवा खाली असेल त्यांनाच दिवसाला किमान 15 तास ऑक्सिजनचा खरा फायदा, 88 च्या थोडंसं वर असलेल्यांवर अमेरिकेत मोठी ट्रायल झाली होती, 2016 ला रिझल्ट आला, आयुष्य वाढलं नाही की अ‍ॅडमिशन कमी झाल्या नाहीत. पण स्वतःहून मशीन बंद करू नका हां, टेस्ट करूनच. आणि कायमच लागणार असेल तर भाड्यापेक्षा विकत घेण्याचा हिशोब मांडा. साधारण 330 वॉटचं मशीन 15 तास चाललं की रोजचे 5 युनिट होतात, तेही धरा.

सायली_प: परत टेस्ट झालीच नाहीये, कुणी सांगितलंच नाही!! डॉक्टरांसमोर पैशाचं काढायचं म्हटलं की जीभच रेटत नाही पण.

निवांत_काका: मग कागदावर लिहून पुढे ठेव, औषधाचं नाव आणि समोर महिन्याचा खर्च. स्वस्तातलं लिहून देणारे असतात गं, पण त्यांना कळायला तर हवं. आणि बाबांना सोबत ने, इनहेलर का सोडायचा नाही ते डॉक्टरच्या तोंडून ऐकू देत, आपलं कोण ऐकतंय.