पोल्युद पाडा म्हणणाऱ्याने आधी तिथे एकदा बसून यावं

दर्यावर्दी:
काल एकाने इथे क्रोएशियाच्या हायदूक स्प्लिट या फुटबॉल क्लबच्या स्टेडियमबद्दल लिहिलं, 'हायदूक स्प्लिटने पोल्युद पाडून टाकावं, भोवती धावण्याचा ट्रॅक असलेल्या मैदानात फुटबॉल बघणं म्हणजे शिक्षा.' डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. मी जहाजावर नोकरीला होतो. स्प्लिटला बोट लागली तेव्हा धक्क्यावरून चालत गेलो होतो. वाटेत भिंतीभिंतीवर 'टोर्सिडा १९५०', हायदूकच्या चाहत्यांच्या गटाचं नाव. आत शिरलो आणि वर बघतच राहिलो. शिंपल्याच्या दोन उघड्या पाकळ्यांसारखं छत, एका अंगाला मार्यानची टेकडी. वास्तुविशारद बोरिस मागाशने १९७९ च्या भूमध्य क्रीडास्पर्धांसाठी उभं केलेलं. एका म्हाताऱ्याने मला रिकाम्या मैदानाकडे बोट दाखवून सांगितलं, ४ मे १९८० ला बेलग्रेडच्या रेड स्टारविरुद्धचा सामना इथेच ४१ व्या मिनिटाला थांबवला, युगोस्लाव्हियाचे राष्ट्राध्यक्ष टीटो गेल्याची बातमी आली म्हणून. खेळाडू मैदानातच रडले. हे पाडायचं?

कोथरूडकर:
लिहिणारा मीच, आणि शब्द मागे घेत नाही. पुण्याचा आयएसएल संघ बालेवाडीत खेळायचा तेव्हा मी नेमाने जायचो. ट्रॅकच्या पलीकडे गोल कोणी मारला ते शेजाऱ्याला विचारायला लागायचं. मुलगा दुसऱ्यांदा आलाच नाही. छत सुंदर असेल, पण प्रेक्षक खेळ बघायला जातो. हायदूक आधी स्तारी प्लात्सवर खेळायचा, तिथे लोक रेषेला चिकटून उभे असायचे. १९५० मध्ये टोर्सिडा तिथेच गर्जली, रेड स्टारला २-१ हरवलं आणि त्या वर्षीची युगोस्लाव लीग एकही सामना न हरता जिंकली. पोल्युदमध्ये? २००५ नंतर लीग नाही!

फातोर्डेकरीण:
लीग नाही हा दोष मैदानाचा? २०२२ आणि २०२३ चा क्रोएशियन चषक विसरलात वाटतं. १९९४-९५ मध्ये चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी गाठली, तेव्हाही घर पोल्युदच होतं. आपला इगोर स्टिमाच, भारताचा माजी प्रशिक्षक, त्याच संघात होता.

निळा जर्सी:
'आपला'?? त्याच्या हाताखाली आशिया चषकात भारताचे तीन सामने, एक गोल नाही. गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हरलो, तेही आधी गोल करून. मी रजा टाकून तो सामना बघत होतो. आपला म्हणू नका.

फातोर्डेकरीण:
२०२३ मध्ये सॅफ स्पर्धा कोणी जिंकून दिली? आणि कतारविरुद्ध चेंडू रेषेबाहेर गेलेला सगळ्या जगाने बघितला, तरी गोल दिला. तो पण प्रशिक्षकाचाच गुन्हा?

निळा जर्सी:
एका गोलावर पाच वर्षं झाकता येत नाहीत. पोरांना धड ओळखीची चाल शिकवली नाही आणि दोष पंचाला. तुम्ही गोव्याचे, तुमच्याकडे फुटबॉल घरोघरी, तरी हे बोलता?

फातोर्डेकरीण:
गोव्याची म्हणूनच बोलते. माझा भाऊ खालच्या डिव्हिजनला खेळला. वयाच्या बाविसाव्या वर्षी गुडघा गेला, क्लबने फोनसुद्धा उचलला नाही. आधी खालचं सुधारा, मग वरच्या प्रशिक्षकाला शिव्या द्या.

दर्यावर्दी:
अहो, विषय पोल्युदचा आहे! २०१५ पासून ती वास्तू संरक्षित वारसा आहे, पाडायची म्हटली तरी सहज पाडता येणार नाही. आणि हायदूक कुणा शेठचा नाही. मोठा हिस्सा स्प्लिट शहराचा, बाकीच्यातला बराचसा सामान्य सभासदांच्या संघटनेचा. पर्यवेक्षक मंडळासाठी सभासद मतदान करतात. हे घर त्यांचं आहे, त्यांनाच ठरवू द्या.

कोथरूडकर:
संरक्षित असल्याचं मला माहीत नव्हतं. मानलं, छताला हात लावू नका. पण १९९० ची युरोपियन अॅथलेटिक्स झाल्याला किती वर्षं झाली? ट्रॅक उखडा, खुर्च्या पुढे आणा. यावरून मी हलणार नाही.

दर्यावर्दी:
ट्रॅक काढायला माझी हरकत नाही. तुम्ही काल 'पाडा' लिहिलं होतं.

निळा जर्सी:
आणि त्या अफगाणिस्तानच्या सामन्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.