मूळ गाव आधी शोधा

तुम्ही इंदूरचे, वंशावळ शोधताना आजोबांच्या पलीकडचं नाव सापडत नाही आणि एक चुलत शाखा मॉरिशसला गेली म्हणता, त्यावर माझा अनुभव. आम्हीही इंदूरचेच, रामबागेतले. नाशिकला क्षेत्रोपाध्यांकडे, म्हणजे येणाऱ्या घराण्यांची नावं वहीत लिहून ठेवणाऱ्या तीर्थपुरोहितांकडे गेलो तर पहिला प्रश्न, "मूळ गाव?" म्हटलं, इंदूर. गुरुजी हसले. "अहो, तिथे होळकरांच्या मागे गेलात. त्याआधीचं सांगा." आत्याला फोन लावला. ती म्हणाली, कुलदैवत कुठलं ते बघ. त्यावरून गाव निघालं आणि लांबोडकी वही उघडली. पणजोबांची मोडीतली सही, खाली भावांची, मुलांची नावं. बायकांची जवळपास नाहीतच, ते खटकलं.

मॉरिशससाठी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये १८३४ पासून गेलेल्या गिरमिटियांच्या (करारावर नेलेल्या मजुरांच्या) नोंदी आहेत: नंबर, जहाज, वय, बापाचं नाव, गाव. फक्त आडनावावर विसंबू नका, तिथे बऱ्याच घरांत बापाचं नावच पुढे आडनाव झालं. मुंबईहून सुटलेली जहाजं आधी बघा, आपली कोकणातली माणसं बहुतेक त्यांतूनच गेली.

आणि नाशिकला मोडी वाचणारा सोबत न्या. मी नेला नव्हता, महिनाभर फोटो मोठे करकरून अक्षरं लावत बसलो.