कॅमेरे चोरीसाठी लावले, आता पाळ्या ठरवायला फुटेज बघायचं म्हणतात

पाऊणशहाणा
नमस्कार मंडळी. एका सेवाभावी संस्थेचं वापरलेल्या वस्तूंचं दुकान आणि त्याला लागून गोदाम आहे. पगारी माणसं सहा, स्वयंसेवक पंचवीसेक, पाळीपाळीने येणारे. आठ कॅमेरे आहेत: गल्ला, पुढचं दार, मागचं दार, दुकानात दोन, बोळात एक, गोदामात वर्गवारीच्या टेबलावर एक आणि चहाच्या खोलीत एक. सगळे २ मेगापिक्सेल, २.८ मिमी लेन्सचे. एनव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारी पेटी) २ टीबीची डिस्क, मुदत ३० दिवस लावलेली.

कार्यकारिणीतले तिघं मोबाइलवर लाइव्ह बघतात. आता सूचना अशी आली आहे की टेबलावर कोण किती वेळ असतं ते फुटेजवरून काढावं आणि त्याप्रमाणे पाळ्या लावाव्यात. दोन कॅमेऱ्यांवर आवाजही रेकॉर्ड होतोय असं परवा लक्षात आलं. माझे प्रश्न:

कोणते कॅमेरे ठेवावेत, कोणते काढावेत? फुटेज किती दिवस ठेवायचं? कोणाला काय दिसावं? आणि स्वयंसेवकांना वेगळा नियम लागतो का?

काटकोन
आधी एक कागद घ्या आणि प्रत्येक कॅमेऱ्यासमोर एका ओळीत लिहा, हा कशासाठी आहे. "सुरक्षेसाठी" हे उत्तर चालणार नाही. "गल्ल्यातली रोकड आणि देवाणघेवाण", "बंद वेळेत मागच्या दाराने कोण आलं" असं हवं. ज्या कॅमेऱ्यासमोर अशी ओळ लिहिता येत नाही तो उतरवा. तुमच्या यादीत चहाची खोली आणि वर्गवारीचं टेबल, दोन्ही या परीक्षेत नापास होतात. टेबलावरून किमती वस्तू जात असतील तर टेबलावर कॅमेरा लावून काही साधत नाही. त्या वस्तूंना कुलपाचं कपाट करा आणि कॅमेरा कपाटावर रोखा.

मग कोन. पिक्सेल घनतेचा ठोकताळा लक्षात ठेवा: माणूस आहे एवढं कळायला मीटरला २५ पिक्सेल, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०. तुमच्या कॅमेऱ्याची रुंदी १९२० पिक्सेल, कोन साधारण १०० अंश. ३ मीटरवर सुमारे ७ मीटरचा पट्टा दिसतो, म्हणजे मीटरला २७० च्या आसपास. ६ मीटरवर तेच १३५ होतं. दुकानाच्या कोपऱ्यात लावलेला कॅमेरा लांबच्या गिऱ्हाईकाचा चेहरा देत नाही. जवळ उभ्या असलेल्या आपल्याच माणसाचा मात्र दिवसभर स्वच्छ देतो. नेमकं उलटं काम. अनोळखी माणसाचा चेहरा दारात पकडायचा असतो, अरुंद कोनाच्या लेन्सने, आणि तोही आत येताना. बाहेर जाताना पाठच दिसते.

गल्ल्यावरचा कॅमेरा काउंटरच्या वर दीड मीटरवर, सरळ खाली बघणारा लावा. तिथे मीटरला ५०० हून जास्त पिक्सेल मिळतात. हात, ड्रॉवर आणि नोट दिसते, आणि वादात लागतं ते तेवढंच. बसलेल्या माणसाचं तोंड आठ तास रेकॉर्ड करून काही सिद्ध होत नाही.

बोळाच्या कॅमेऱ्यात प्रसाधनगृहाचं दार येत असेल तर त्यावर प्रायव्हसी मास्क, म्हणजे चित्राचा तेवढा भाग झाकणारा चौकोन, टाका. मास्क कॅमेऱ्याच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानावर जाऊन टाकायचा. नुसता स्क्रीनवर झाकला असेल तर रेकॉर्डिंगमध्ये उघडा राहू शकतो. क्लिप बाहेर काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवून बघा, मोबाइलवरही बघा, कारण मोबाइलवर बहुधा सबस्ट्रीम, म्हणजे त्याच कॅमेऱ्याचं कमी दर्जाचं वेगळं चित्र, येते. शिडी लागून कॅमेरा दोन अंश हलला तरी मास्क चित्रात तिथेच राहतो आणि दार त्याच्या बाहेर येतं. महिन्यातून एकदा नजर टाकायची.

आवाज आजच्या आज बंद करा, आणि तोही कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये, नुसता एनव्हीआरवर म्यूट करून नाही. चोरी आवाजावरून सापडत नाही, आणि खाजगी बोलणं टेप करण्याचे कायदे बऱ्याच देशांत चित्रापेक्षा कितीतरी कडक आहेत.

तारकटर
काटकोन यांच्याशी सहमत, पण तुमचे ३० दिवस कागदावरचेच आहेत. कॅमेरा ४ एमबीपीएसवर (सेकंदाला ४ मेगाबिट) असेल तर दिवसाला ४३ जीबी खातो. आठ कॅमेरे म्हणजे ३४५ जीबी. २ टीबीची डिस्क पाच-सहा दिवसांत भरते आणि जुनं पुसून नवं लिहायला लागते. सेटिंगमधले ३० दिवस ही वरची मर्यादा आहे, तेवढं राहीलच असा त्याचा अर्थ नाही. बिलं महिन्याने तपासणारा हिशेबनीस फुटेज मागतो तेव्हा हे उघडकीला येतं.

एच.२६५ वर (चित्र कमी जागेत साठवणारी पद्धत) २ एमबीपीएस ठेवा. सहा कॅमेरे राहिले तर रोज १३० जीबी, म्हणजे त्याच डिस्कवर दोन आठवडे. तेवढे लागतात का हाच खरा प्रश्न. गल्ल्याचा मेळ रोज लागत असेल तर सात दिवस पुष्कळ झाले. मुदत ७ वर आणा आणि काही घडलं तर तेवढा तुकडा लॉक करा.

आता "कोणाला काय दिसावं". बहुतेक ठिकाणी एकच ॲडमिन खातं असतं आणि पासवर्ड चौघांना पाठ असतो. मग लॉगमध्ये प्रत्येक वेळी "ॲडमिन" एवढंच उमटतं, बघितलं कोणी ते कधीच कळत नाही. असं करा:

• प्रत्येकाचं वेगळं खातं, आणि ॲडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात.
• दुकान सांभाळणाऱ्याला लाइव्ह, फक्त दोन दारांचं.
• मागचं बघण्याचा आणि क्लिप काढण्याचा हक्क दोघांनाच, आणि दोघं मिळूनच बघायचं.
• मोबाइल ॲपवरून शेअर केलेले सगळे ॲक्सेस काढून नव्याने द्या. कार्यकारिणी बदलली तरी जुन्या सभासदाच्या फोनवर चित्र चालूच राहतं, हा दोष फार ठिकाणी सापडतो.
• राउटरवर एनव्हीआरसाठी पोर्ट फॉरवर्ड केला असेल, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत यायची वाट उघडी असेल, तर बंद करा. बाहेरून बघायचंच असेल तर व्हीपीएन, म्हणजे सुरक्षित खाजगी जोडणी.

आणि वेळ. एनव्हीआरचं घड्याळ हळूहळू सरकतं. एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ आपोआप जुळवायची सोय) चालू करा, टाइमझोन तपासा, मग बिलिंग मशीन आणि एनव्हीआर शेजारी ठेवून दोन्हींच्या वेळेतला फरक लिहून ठेवा. एनव्हीआर चार मिनिटं पुढे असेल आणि पाळी २ वाजता बदलत असेल, तर १:५८ चं बिल शोधायला तुम्ही रेकॉर्डिंगवरची १:५८ उघडता, तेव्हा समोर दिसतं ते खरं १:५४ चं. उलट बाजूने, फुटेजमध्ये २:०२ ला गल्ल्यावर जो दिसतो तो अजून पहिल्याच पाळीतला असतो, आणि नाव मात्र वेळापत्रकाप्रमाणे दुसऱ्याचं लिहिलं जातं. नुसत्या घड्याळापायी भलत्याच माणसावर आळ येतो.

सहीशिक्का
नियमांची बाजू. देशागणिक कायदा वेगळा, पण विचारले जाणारे प्रश्न बरेचसे तेच. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

स्पेनमधल्या एका सुपरमार्केटमध्ये मालाचा आणि विक्रीचा हिशेब जुळत नव्हता. दारांवर दिसतील असे कॅमेरे लावले, ते सांगितले; गल्ल्यांवर लपवलेले लावले, ते सांगितले नाहीत. १७ ऑक्टोबर २०१९ ला मोठ्या पीठाने खाजगीपणाचा भंग झाला नाही असा निकाल दिला, १४ विरुद्ध ३ मतांनी. त्याआधी जानेवारी २०१८ मध्ये छोट्या पीठाने कामगारांच्या बाजूने दिला होता. निकाल फिरायचं कारण महत्त्वाचं: मोठ्या नुकसानीचा सबळ संशय होता, देखरेख फक्त गल्ल्यांपुरती आणि दहा दिवसांची होती, आणि फुटेज मोजक्यांनीच पाहिलं. यावरून "लपवून लावले तरी चालतं" असा अर्थ काढणारे पुष्कळ भेटतात; तो चुकीचा आहे. यातली एक गोष्ट निसटली तरी निकालाचा आधार घेणं अवघड.

दुसरा मॉन्टेनेग्रो या युरोपातल्या देशाचा, २८ नोव्हेंबर २०१७. विद्यापीठाने व्याख्यानगृहांत कॅमेरे लावले. कारणं दोन: मालमत्तेचं आणि माणसांचं रक्षण, आणि शिकवण्यावर देखरेख. कॅमेरे उघड होते, प्राध्यापकांना कळवलेलंही होतं. तरी भंग ठरला. रक्षणासाठी लावलेल्या कॅमेऱ्यावर कामाची देखरेख चिकटवली की गाडी कुठे अडते ते इथे दिसतं, आणि तुमच्या कार्यकारिणीची सूचना तीच आहे.

मुदतीबद्दल: युरोपच्या डेटा संरक्षण मंडळाच्या मार्गदर्शनात ७२ तासांच्या पुढे जितकं ठेवाल तितकं जास्त कारण द्यावं लागतं. तारकटर यांचे सात दिवस त्याहून जास्त आहेत, तेव्हा कारण लिहून ठेवा. "शनिवार-रविवार धरून गल्ल्याचा मेळ सोमवारी लागतो" हे कारण पुरतं.

स्वयंसेवकांचा मुद्दा नेहमी सुटतो. नोकरीच्या करारातलं किंवा कर्मचारी पुस्तिकेतलं कॅमेऱ्याचं कलम त्यांना लागू नाही, कारण त्यांनी ते कधी सही केलेलंच नसतं. त्यांना वेगळं पानभर पत्र द्या: कॅमेरे कुठे, कशासाठी, किती दिवस, कोण बघतं, स्वतःचं फुटेज मागायचं तर कोणाकडे. त्यावर "मिळालं" म्हणून सही घ्या. "संमती" म्हणून घेऊ नका. ज्याची नोकरी तुमच्या हातात आहे त्याची संमती मोकळी मानली जात नाही, आणि स्वयंसेवकाने उद्या ती मागे घेतली तर कॅमेरा बंद करणार आहात का?

शाळकरी मुलं स्वयंसेवक म्हणून येत असतील तर पत्र पालकांनाही.

निवांत
तांत्रिक आणि कायद्याचं झालं. पण फुटेजवरून पाळ्या ठरवणं मुळात चालत नाही, हे कार्यकारिणीला पटवायचं असेल तर एक तास फुटेज त्यांनाच बघायला द्या आणि काय काय काम झालं ते लिहायला सांगा. टेबलाशी वीस मिनिटं बसून मिक्सर तपासणारा रिकामा दिसतो. कपड्यांची पोती इकडून तिकडे हलवणारा खूप कामाचा दिसतो. खोकी उतरवायला मागे गेलेला चित्रातच नसतो. मोशन डिटेक्शनवरून (चित्रातली हालचाल टिपणारी सोय) "हजर वेळ" काढणारे तर पंखा आणि पडदाही हजेरीपटावर घेतात.

पाळ्यांसाठी आकडा हवा असेल तर टेबलाचा मोजा, माणसाचा नको: एका पाळीत किती क्रेट निघाले, किती बाजूला टाकले, किती किंमत लावून दुकानात गेले. फळ्यावर खडूने लिहिलं तरी चालतं. वार आणि वेळेप्रमाणे महिनाभर बघितलं की माणसं कुठे कमी पडतात ते आपोआप दिसतं.

गल्ल्याचंही तसंच. फुटेज चाळत बसू नका. बिलिंगमधून आठवड्याला तीन याद्या काढा: रद्द केलेली बिलं, परतावे, विक्रीशिवाय उघडलेला ड्रॉवर. मग तेवढीच मिनिटं बघा, आधी-नंतर दोन मिनिटं धरून. सात दिवसांचं फुटेज बघायचं काम अर्ध्या तासावर येतं, आणि बाकीच्यांवर कोणाची नजरही पडत नाही.

पाऊणशहाणा
सगळ्यांचे आभार. मॉन्टेनेग्रोचा निकाल बैठकीत मांडतो. एकच शंका: चहाच्या खोलीतला कॅमेरा नुसता बंद करून ठेवला तर? तिथे लॉकर आहेत आणि मागे एकाची पर्स गेली होती.

काटकोन
बंद ठेवू नका, काढा, वायरीसकट. खाली बसणाऱ्याला तो चालू आहे की बंद ते दिसत नाही, आणि उद्या कोणीही तो एनव्हीआरवरून परत चालू करू शकतो. लॉकर चहाच्या खोलीतून उचलून बोळात हलवा, प्रत्येकाला चावी द्या. बोळातला कॅमेरा लॉकरच्या रांगेकडे वळवा, आणि वळवलात की मास्क नव्या जागी पुन्हा टाकायला विसरू नका.